शेवटच्या ओळीतला रक्ताचा थेंब

प्रश्न : मॅडम, माझं वय 38. मंगळवार पेठेत राहतो. गेल्या रविवारी आम्ही चौघं सायकलवरून पन्हाळ्याला गेलो होतो. येताना वाघबीळ उतरून केर्लीच्या जवळ आलो आणि ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांडीवरून पुढचं चाक घसरलं. दोन्ही पाय पेडलवरून सुटले, मी दांडीवर आदळलो आणि उजवा पाय बाजूला फाकला. उजव्या जांघेत कळ येते, मांडीच्या आतल्या बाजूनं काळंनिळं झालंय आणि ते रोज खाली गुडघ्याकडं सरकतंय. मोटरसायकलवर टांग टाकता येत नाही. आमचे काका तालमीत वस्ताद होते. ते म्हणतात, गरम तेलानं रगडून घे आणि लंगोट कस. रगडू का? सायकल कधी सुरू करू? तुम्ही बाई म्हणून लिहायला संकोच वाटत होता, पण बायकोनं लिहायला लावलं. पडलो त्या दिवशी चड्डीवर रक्ताचा एक थेंब दिसला होता, नंतर काही नाही.

उत्तर : तुमचं पत्र वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि लगेच संपादकांना फोन केला. अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी ती ओळ नव्हती. त्यांनी तुम्हाला गाठलं, तुम्ही त्याच दिवशी मूत्रविकारतज्ज्ञांकडे जाऊन आलात आणि सोनोग्राफी, लघवीची तपासणी ठीक निघाली, हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या बायकोचे माझ्याकडून आभार माना.

आता त्या थेंबाबद्दल. माणूस दांडीवर आदळतो तेव्हा वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागातून जाणारी मूत्रनलिका वरचं जांघेचं हाड आणि खालची दांडी यांच्यात चिरडली जाते. बाहेरून कातडीला ओरखडासुद्धा नसतो. आत मात्र नलिकेला खरचटतं, कधी ती फाटते. लघवीच्या तोंडाशी दिसणारं रक्त ही त्याची खूण. थेंब एकच होता, पुन्हा आला नाही, यावरून काही ठरत नाही. रक्त दिसलं, लघवी होईना झाली, किंवा सीट टेकते त्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखा काळानिळा डाग उमटला, तर तडक कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेलं दुसरं कुठलंही रुग्णालय गाठावं. अडकलेल्या लघवीसाठी घरी जोर करू नये. लघवी फाटलेल्या जागेतून आजूबाजूला झिरपते. आणि तिथं पोचल्यावर, कुणी नळी घालायच्या आधीच, ‘मार बसल्यावर रक्त आलं होतं’ हे स्पष्ट सांगावं. मग आधी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. फाटलेल्या नलिकेत आंधळेपणानं नळी सरकवली तर अर्धवट फाटलेली पूर्ण फाटू शकते.

वृषणाला मार लागल्यावर कळ येणारच, पण ती तासाभरात ओसरायला लागते. ओसरली नाही, मळमळ सुरू झाली, सूज वाढली, एक बाजू वर ओढल्यासारखी झाली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. वृषणाला पीळ पडला असेल तर हातात साधारण सहा तास असतात. वृषण फुटलं असेल तर तीन दिवसांच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेनं ते वाचण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

कोल्हापुरात मी एकतीस वर्षं शस्त्रक्रिया केल्या. पुरुष माझ्यासमोर बसून ‘पोटात दुखतंय’ म्हणायचे, आणि हात जांघेवर असायचा. एक तरुण मुलगा सायकलवरून पडल्यानंतर दीड वर्षानं आला. लघवीची धार सुतासारखी बारीक, प्रत्येक वेळी कुंथावं लागे. आतली जखम भरताना नलिका आकसली होती. त्यानं घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याची शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला. पण त्याचं ते दीड वर्ष आठवलं की मला अजून वाईट वाटतं. ‘अवघड जागेचं दुखणं’ म्हणून आपण त्या दुखण्याला नाव देऊन ठेवलंय आणि माणसं ते तसंच अवघड करून ठेवतात.

मुलींच्या बाबतीत तर ही लपवालपव जास्त. सायकल शिकताना मुलगी दांडीवर पडते, योनीच्या बाजूला रक्त साकळून मोठी गाठ येते, लघवी करताना आग होते म्हणून ती लघवी दाबून धरते. आई तिला डॉक्टरकडे नेत नाही, कारण ‘उद्या लग्नाच्या वेळी कुणी काही बोललं तर?’ आयांनो, बर्फ लावा आणि त्याच दिवशी तिला दाखवून आणा. पडल्यामुळे झालेल्या जखमेत तिच्या चारित्र्याचा काहीएक संबंध नाही, आणि सोबत बसून हे तिला सांगणारी पहिली व्यक्ती तुम्हीच असायला हव्यात.

आता तुमचा स्नायू. मांडी आत ओढणारे स्नायू जांघेच्या हाडाला चिकटलेले असतात. पाय फाकल्यामुळे त्यातले काही तंतू तुटले आणि रक्त सांडलं. ते वजनानं खाली उतरतंय, म्हणून डाग गुडघ्याकडं सरकतोय. त्याला घाबरू नका, तो पिवळा पडत दोन-तीन आठवड्यांत जाईल. रगडणं मात्र नको. ताज्या फाटलेल्या स्नायूला रगडलं, शेकलं की पुन्हा रक्तस्राव होतो, आणि साकळलेल्या रक्ताच्या जागी कधी कधी चक्क हाड तयार होतं. काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा लंगोटाचा सल्ला मला पटतो, फक्त तो कसून नको. वृषणाला खालून आधार मिळेल इतपत घट्ट चड्डी पुरे.

पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळून बर्फ, पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, एवढंच करायचं असतं. तुमचे ते दिवस गेले. आता जेवायला मांडी घालून बसू नका, खुर्ची घ्या. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसणं टाळता आलं तर टाळा. मोटरसायकलला काही दिवस सुट्टी. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरते. रोज सकाळ-संध्याकाळ उताणं झोपून, गुडघे वाकवून, दोन गुडघ्यांमध्ये उशी धरा आणि पाच सेकंद दाबा, असं दहा वेळा. थोडं ओढल्यासारखं वाटणं चालेल, कळ नको. पायावर वजनच टाकता येत नाही असं ज्यांना होतं, त्यांनी मात्र व्यायामाच्या फंदात न पडता एक्स-रे काढावा, तिथं हाडाला तडा असू शकतो.

उशी पूर्ण जोरानं दाबून दुखलं नाही आणि जिना सहज चढता-उतरता आला, की सायकल काढा. बहुतेक चार ते सहा आठवडे जातील. आधी रंकाळ्याभोवती सपाटीवर वीस मिनिटं. पन्हाळ्याचा चढ सगळ्यात शेवटी. सीट पुढच्या बाजूनं वर उचललेली असेल तर सपाट करून घ्या आणि दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहा. खाली बधिरपणा आला तर उतरा, तसंच रेटू नका.

तीन महिन्यांनी लघवीच्या धारेची यूरोफ्लोमेट्री नावाची तपासणी करायला सांगितली आहे, असं तुम्ही कळवलंत. ती चुकवू नका. एका यंत्रात लघवी करायची, सुई नाही, दुखणं नाही. नलिका हळूहळू आकसते, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी, म्हणून आज सगळं ठीक असूनही ती करायची. मधल्या काळात धार बारीक झाली, दोन फाटे फुटायला लागले, किंवा लघवी करूनही पोट मोकळं वाटेना, तर तारखेची वाट पाहू नका. बायकोलाही ही लक्षणं सांगून ठेवा.