बाटली 40 ची, सिरिंज 100 ची

प्रश्न : पेशंट घरून इन्सुलिन आणतात, सिरिंज मुंबईच्या मुलाने पाठवलेली असते. तीच वापरावी का? – परिचारिका, गुहागर

उत्तर : आधी बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडे जुळवा. आपल्याकडे बाटली बहुधा 40 युनिट प्रति मिलीची असते. तिला लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची 100 साठी. पण टोपणं बदलली जातात, म्हणून नळीवरचा आकडाच खरा.

40 च्या बाटलीतून 100 च्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर जातात फक्त 8 युनिट. उलट झालं, म्हणजे 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज, तर 50 युनिट जातात, आणि तेच जिवावर बेततं. जुळत नसेल तर हिशेब करत बसू नका, सिरिंज बदला. डोस दुसऱ्या सिस्टरला दाखवा, पेशंटला पूर्ण नाव विचारा. एकाच वाडीत एकाच आडनावाचे दोघे सहज निघतात.

चूक झालीच तर लगेच शुगर तपासा, डॉक्टरांना कळवा, केसपेपरवर खरा डोस व वेळ लिहा. नातेवाइकांपासून लपवू नका. शुगर 70 खाली आणि पेशंट शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीही नाही.