शब्दशंका : पाणी कसे वाहते, ते आधी ठरवा

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून उजनी धरणातून भीमेत सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर इंग्रजीतून प्रकल्प-अहवाल लिहीत आहे. 'फ्लो' हा एकच शब्द जागोजागी येऊ लागल्यामुळे मी समानार्थी शब्दकोश उघडला आणि 'पोअर', 'गश', 'ट्रिकल', 'सर्ज', 'ग्लाइड' हे शब्द आलटून पालटून घातले. मार्गदर्शकांनी त्यांतील बहुतेक शब्दांभोवती लाल वर्तुळे करून अहवाल परत दिला. शब्द समानार्थी आहेत, तर मग चूक कोठे झाली? याच शब्दांपैकी काही मला आषाढी वारीवरच्या लेखातही वापरायचे आहेत. — एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांची वर्तुळे रास्त आहेत. शब्दकोशात एका ओळीत आलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतातच असे नाही, आणि हे आपल्याला मराठीत कोणी शिकवावे लागत नाही. पाझरणे, झिरपणे, ठिबकणे, ओघळणे, निथळणे, ओसंडणे ही सगळी पाण्याचीच क्रियापदे आहेत. तरीही धरणातून पाणी 'ओघळले' असे आपण लिहिणार नाही आणि माठ 'ओसंडतो' म्हणजे पाझरतो असे कोणी समजणार नाही. इंग्रजी शब्द निवडतानाही हेच तारतम्य ठेवावे लागते : पाणी किती आहे, त्यावर दाब आहे की नाही, वाट रुंद आहे की अरुंद, आणि ते सलग येते की थांबून थांबून, हे आधी ठरवावे आणि मग शब्दाकडे जावे.

'ट्रिकल' म्हणजे नळ जाण्याच्या वेळी येणारी करंगळीएवढी धार. उजनीच्या दरवाजांतून पाणी 'ट्रिकल' झाले असे लिहिल्यास वाचणारा धरण कोरडे पडले असे समजेल. 'सीप' म्हणजे झिरपणे, जे अस्तर नसलेल्या कालव्याच्या काठाने होते. 'ऊझ'ला द्रव दाट लागतो, चिखल, पू किंवा काकवीसारखा. जलवाहिनी फुटून पाण्याचा लोट उसळतो तेव्हा 'गश' हा शब्द शोभतो, कारण त्यात कोंडलेला दाब अचानक मोकळा होणे आहे. तेच पाणी झटक्याझटक्याने, चिळकांडीसारखे उडत असेल, तर 'स्पर्ट'. 'पोअर' भरपूर आणि सलग येणाऱ्या पाण्याला चालतो, त्यामुळे दरवाजे उघडल्यावरच्या वर्णनात तो एखाद्या वेळी खपून जाईल. 'ग्लाइड' मात्र तेथे अजिबात नको : त्यात घर्षण नाही, आवाज नाही, खळबळ नाही, घार आकाशात पंख न हलवता तरंगते, ती 'ग्लाइड' करते.

'कॅस्केड'बद्दल थोडे सावध राहावे. मूळ इटालियन शब्द पडण्याचाच आहे, पण इंग्रजीत त्याला टप्प्याटप्प्याने, पायऱ्यांवरून उतरत कोसळण्याची छटा आली. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणी महालाच्या बंधाऱ्यावरून बोरी नदीचे पाणी खाली झेपावते, त्याला मी 'प्लंज' म्हणेन. 'मिअँडर' हा शब्द आजच्या तुर्कस्तानातील एका वळणावळणाच्या नदीच्या प्राचीन नावावरून आला आहे. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. पण त्या एका वळणाला 'बेंड' किंवा 'कर्व्ह' पुरेसा आहे, कारण 'मिअँडर' होण्यासाठी नदीला एकामागून एक वळणे घ्यावी लागतात.

आता आपल्या अहवालाकडे येऊ. तांत्रिक लेखनात 'फ्लो' दहा वेळा आला तरी बिघडत नाही. उलट तो बदलला की प्रत्येक नव्या शब्दाबरोबर काही वेगळे मोजले आहे का, अशी शंका वाचणाऱ्याला येते. पुनरुक्ती टाळण्याचा शाळेतला धडा निबंधापुरता ठीक आहे. अहवालात 'रिलीज' म्हणजे पाणी सोडण्याची क्रिया आणि 'डिस्चार्ज' म्हणजे दर सेकंदाला जाणारे मोजलेले पाणी, एवढा भेद कटाक्षाने पाळावा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर, हा आकडा 'डिस्चार्ज'बरोबर शोभतो, 'गश'बरोबर नाही. आणखी एक : 'फ्लो' हे या अर्थाने अकर्मक क्रियापद आहे. 'द डॅम फ्लोड वॉटर' ही रचना आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते, पण ती चुकीची आहे. धरण पाणी 'रिलीज' करते. 'फ्लो' होते ते पाणी.

वारीच्या लेखात हेच शब्द माणसांना लागतात, आणि तेथे अधिक जपावे लागते. वाखरीहून पंढरपूरकडे एकामागून एक दिंड्या येतात, त्यांना 'स्ट्रीम' छान शोभतो, कारण त्यात ओघ आहे, सातत्य आहे आणि धक्काबुक्की नाही. चारी दिशांनी लोक लोटले असे म्हणायचे असेल, तर 'पोअर्ड इनटू'. 'सर्ज' मात्र लॅटिनमधील उठण्याच्या क्रियापदावरून आला असून तो गर्दीला लावला की मागून रेटा आल्याचे, चेंगराचेंगरीच्या भीतीचे चित्र उभे राहते. तसे काही घडलेले नसताना तो लिहिणे म्हणजे वारकऱ्यांवर अन्यायच होईल. पहाटेच्या वेळी तुरळक माणसे येत असतील, तर तेथे आपला वर्ज्य ठरलेला 'ट्रिकल' खुशाल वापरावा.

जाता जाता, पेहरावाच्या वर्णनात येणारा 'फ्लोइंग' अंगावरून सळसळत उतरणाऱ्या तलम कापडासाठी आहे. आपली सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी तिला हे विशेषण लावू नये. जाड सुताची जॅकार्ड वीण अशी सळसळत नाही.

प्रश्न : 'फ्लो' आणि 'फ्लुएंट' हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत काय? तलाव भरून वाहू लागला की काही जण इंग्रजीत 'ओव्हरफ्लोन' लिहितात, ते बरोबर आहे काय? — एक शिक्षक, बार्शी

उत्तर : दिसायला सख्खे भाऊ वाटले तरी हे शब्द वेगळ्या घरचे आहेत. 'फ्लुएंट', 'फ्लुइड', 'इन्फ्लुअन्स' हे लॅटिन 'फ्लुएरे'पासून आले. 'फ्लो' हा अस्सल जुन्या इंग्रजीतला असून त्याचे दूरचे नाते संस्कृत 'प्लु' या धातूशी, म्हणजे आपल्या 'प्लवन'शी लागते. 'स्ट्रीम' तसाच 'स्रु' धातूच्या, म्हणजे 'स्राव' आणि 'स्रोत' यांच्या गोतावळ्यातला आहे. 'ओव्हरफ्लोन' आजच्या इंग्रजीत चूक धरावे. 'फ्लोन' हे 'फ्लाय'चे रूप आहे, त्यामुळे हिप्परग्याचा तलाव 'ओव्हरफ्लोन' लिहिल्यास त्यावरून विमान गेल्याचा अर्थ निघेल. बरोबर रूप 'ओव्हरफ्लोड'.