जुळ्या भावाने फोन उघडला!

प्रश्न : मी आणि माझा भाऊ आयडेंटिकल जुळे. माझा फोन त्याच्या चेहऱ्याने खुशाल उघडतो! मग बोटांचे ठसेपण सेमच धरायचे का?

उत्तर : नाही हो, ठसे वेगळेच. डीएनए जवळपास सेम असला तरी बोटांवरच्या रेषा गर्भात तयार होताना तिथला दाब, वाढीचा वेग असल्या बारीकसारीक गोष्टींनी बदलतात, डोळ्यातल्या आयरिसचंही (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाचंही) तसंच. आणि मशीन काही फोटोवर फोटो ठेवून बघत नाही, रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो ते पॉइंट टिपून त्याचं टेम्प्लेट (म्हणजे साठवून ठेवायचा नमुना) बनवतं आणि पुढच्या वेळी किती जुळतंय त्याचा स्कोअर काढतं. १०० टक्के कधीच जुळत नाही (जुळलंच तर उलट संशय घ्यावा, कुणीतरी जुनाच डेटा परत पाठवला असेल!), म्हणून एक मर्यादा ठरवलेली असते, ती सैल केली की परका आत, कडक केली की तुमचाच ओला अंगठा बाहेर. फोनला फक्त ‘हा तोच का’ एवढंच बघायचं असतं, लाखोंच्या यादीतून ‘हा कोण’ शोधायचं तर चुकून जुळण्याचे चान्स फार वाढतात. तुम्ही आपला फेस अनलॉक बंद करून पासकोड लावा, भाऊ कितीही गुणी असला तरी.