शेवटच्या रांगेतून : आवाजाविषयी वाचकांचे प्रश्न

नाटकवाल्यांना आवाज आणि उच्चार शिकवायला लागून मला पुण्यात ३१ वर्षं झाली. १६ एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो, म्हणून संपादकांनी या महिन्याची पत्रं माझ्याकडे दिली. सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत, पण पत्रं सगळी वाचली आहेत.

प्रश्न : आम्ही लातूरची हौशी मंडळी. दोन वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत उतरतोय. दर वेळी ऐकावं लागतं की नायकाचं बोलणं मागे पोहोचत नाही. म्हणून तो जोर लावतो आणि दुसऱ्या अंकात त्याचा आवाज बसतो. काय करावं? – एक दिग्दर्शक, लातूर

आधी त्याचं ओरडणं थांबवा. त्याचा आवाज मागे पोहोचतच असणार, विरतात ते शब्द.

तालमीला गेले की मी रंगमंचाकडे जात नाही. शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यात संहिता आणि पेन्सिल घेऊन बसते. जो शब्द कानावर आला नाही, त्याच्याखाली रेघ. अंक संपला की पानं चाळायची. बहुतेक रेघा वाक्याच्या शेवटाला सापडतात. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ बहुतेकदा त्याच्याही मागे. नट मात्र सगळा श्वास ‘मी’वर आणि ‘तुला’वर उधळतो. वाक्याचं शेपूट येईपर्यंत छाती रिकामी झालेली असते.

एका एकांकिकेत मुलीचं शेवटचं वाक्य होतं, ‘मी तुला विसरले नाही.’ विंगेत उभ्या असलेल्यांना ते पूर्ण ऐकू येत होतं. मला मागे ऐकू आलं, ‘मी तुला विसरले.’ शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला, तो त्या भलत्याच वाक्यासाठी. लेखकाने दोन महिने घासून लिहिलेला शेवट एका शब्दाने उलटा झाला होता. मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडून ते वाक्य मागून पुढे बांधून घेतलं. आधी नुसतं ‘नाही’. मग ‘विसरले नाही’. मग ‘तुला विसरले नाही’. शेवटी पूर्ण वाक्य. दर वेळी नवा श्वास, आणि दोन्ही हात बरगड्यांच्या खालच्या कडेला. ‘नाही’ म्हणताना हाताखालच्या बरगड्या अजून थोड्या फुगलेल्या लागल्या पाहिजेत. पंचवीस-तीस वेळा केल्यावर ‘नाही’ उभं राहिलं. आवाज पहिल्यापेक्षा लहानच होता, तरी मागे पोहोचला.

तुमच्या नायकाकडून त्याची दहा महत्त्वाची वाक्यं अशी बांधून घ्या. रिकाम्या सभागृहातल्या रंगीत तालमीवर विसंबू नका. प्रयोगाला माणसं बसली की ती आणि त्यांचे कपडे बराच आवाज पिऊन टाकतात, वरून पंख्यांची घरघर असते.

आवाज बसण्याबद्दल सांगायचं तर, पुरुष साधं बोलत असतो तेव्हाही स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा एकमेकांवर येतात. ओरडताना ही संख्याही वाढते आणि आपटण्याचा जोरही. ते दोन अंक चाललं तर सूज येणारच. प्रयोगाआधी अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवून, बुडबुडे काढत पाच मिनिटं हुंकार भरायला सांगा. स्वर खालून वर, वरून खाली सावकाश फिरवायचा. ओठांशी हवा अडली की तिचा दाब मागे स्वरतंतूंपर्यंत पोहोचतो आणि ते कमी कष्टात हलतात. रुपयाचा खर्च नाही, आणि एवढ्या वर्षांत मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही. मात्र घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्या. गाठ आहे की नाही हे नुसतं ऐकून कुणीही सांगू नये. मीही सांगत नाही.

प्रश्न : प्रयोगाआधी मध, ज्येष्ठमध, गरम पाणी, यातलं नक्की काय घ्यावं? – एक वाचक, चिपळूण

घोट गिळताना स्वरयंत्र बंद होतं, म्हणून यातलं काहीच स्वरतंतूंना लागत नाही. घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी खुशाल घ्या. थेट पोहोचते ती वाफ. पाणी मात्र दिवसभर पीत राहा, तिसऱ्या घंटेला तांब्याभर ढोसू नका.

प्रश्न : ताई, मी यवतमाळची, पुण्यात कॉलेजला आहे. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमीत माझ्या ‘पानी’ला आणि ‘डोये’ला सगळे हसतात. ‘आधी भाषा सुधार, मग भूमिका माग’ असं सांगितलंय. मी बोलणंच कमी केलंय. – बी.ए.च्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी अकोल्याची. पुण्यातल्या माझ्या पहिल्या वाचनाला ‘डोये’ म्हटल्यावर खोलीभर हशा पिकला होता, आणि मग वर्षभर मी घरच्या फोनवरसुद्धा सांभाळून बोलत होते. माझ्या आईने एकदा विचारलं, ‘तब्येत बरी नाही का?’ ते वर्ष मला परत मिळणार नाही. तुझं जाऊ देऊ नकोस.

तुझ्या भाषेत सुधारण्यासारखं काही नाही. आपल्याकडे ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’. तो वऱ्हाडीचा नियम आहे, चूक कसली? पण उद्या तुला पेठेतल्या वाड्यातली सासू करायची असेल तर तिचा ‘ण’ तुझ्या तोंडात हवा. भूमिकेसाठी नऊवारी नेसायला शिकतेस, तसाच तो शिकायचा. घरी परतल्यावर आपली साडी आपली.

आणि ‘ण’ तुला येतोच. ‘थंडी’ म्हण. ‘घंटा’ म्हण. ‘अंडं’ म्हण. अनुस्वाराच्या जागी जीभ कुठे गेली? मागे वळून टाळूला टेकली. तोच ‘ण’. आता ‘थंडी’ म्हणताना ‘ड’च्या आधी थांब आणि तिथेच आवाज धरून ठेव. मग त्या जागेवरून ‘णी’ सोड, पुढे ‘पा’ लाव. ‘ळ’ला जीभ तशीच मागे वळवायची, पण टाळूला चिकटवून न ठेवता पुढे फटकन सोडायची. रोज दहा मिनिटं, आरशासमोर. महिनाभरात हाताशी येईल.

हसणाऱ्यांना एक शब्द वाचायला दे, ‘जग’. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, लिहायला एकच अक्षर, म्हणायला दोन ‘ज’. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतले ‘च’ही वेगळे. पुण्यात वाढलेली कितीतरी मुलं हल्ली यात अडखळतात, त्यांनाही मीच शिकवते. तुझ्या दिग्दर्शकाला माझ्याकडून विचार : या नाटकातली ती मुलगी कुठल्या गावची आहे, हे संहितेत लिहिलंय का? नसेल तर ती यवतमाळची का असू नये?

प्रश्न : वय ३४, नोकरी करतो, हौशी नाटकात आहे. तुमचं काम शिकायचं आहे. त्यावर घर चालतं का? – एक वाचक, नाशिक

फक्त नाटकावर चालत नाही. माझे दोन दिवस डबिंग स्टुडिओत जातात, एक शाळेच्या शिक्षकांबरोबर. (नटांपेक्षा शिक्षकांचे घसे जास्त बिघडलेले असतात, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.) बाकी ध्वनिपुस्तकं वाचणारे आणि निवेदक. उरलेला वेळ नाटकाला.

आपल्याकडे जाहिरातीत नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा यांची नावं येतात. आवाज मात्र दिग्दर्शकानेच जमेल तसा सांभाळायचा. लंडन-स्ट्रॅटफर्डकडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीत सिसिली बेरी यांनी अनेक दशकं हेच एक काम केलं, तिथे आवाजाचा वेगळा विभाग आहे. मला फोन येतो तो शुभारंभाला आठ दिवस उरल्यावर : ‘ताई, हिचा आवाज गेलाय, काहीतरी करा.’ आठ दिवसांत मी तिला गप्प बसवू शकते. तिची सवय बदलायला पहिल्या वाचनापासून तालमीत बसू द्यायला हवं. हे मी प्रत्येक निर्मात्याला सांगत आले आहे. दोघांनी ऐकलं.

वाचा-उपचाराची पदवी वेगळी, ती मुंबईत अली यावर जंग संस्थेत होते. तो रुग्णांवर उपचार करण्याचा व्यवसाय आहे. आपल्या कामासाठी शरीराची माहिती, थोडं गाणं आणि तयार कान लागतो. नोकरी इतक्यात सोडू नका. कालिदास कलामंदिरात पुढचं जे नाटक लागेल, त्याची छापील संहिता मिळवा, शेवटच्या रांगेचं तिकीट काढा आणि ऐकू न आलेल्या शब्दांखाली रेघा मारा. अशा पाच प्रयोगांच्या संहिता मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. तुमच्या रेघा बघून पुढचं सविस्तर लिहीन.