विमान वेळेवर, बिल मात्र लटकलेलं

प्रश्न : नवरा एअरफोर्समधे ट्रान्सपोर्ट पायलट आहे, सारखा टेम्पररी ड्युटीवर, पण टीए-डीएचं (प्रवास आणि दैनिक भत्त्याचं) बिल दरवेळी ऑब्जेक्शन लागून परत येतं, ते दुरुस्त करेपर्यंत हा पुन्हा बाहेर! काय करायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, चिडचिड रास्तच आहे, फ्लाइंगचा प्रोग्राम रात्रीत बदलतो आणि ऑफिस आपल्या टायमिंगला, मग गाठ पडणार कधी? नवऱ्याला ऑब्जेक्शन लेखीच मागायला सांगा, मूव्हमेंट ऑर्डरची (ड्युटीवर जायच्या लेखी आदेशाची) कॉपी जपा. आधी सीओकडे (कमांडिंग ऑफिसरकडे) अर्ज, तिथे दाद नाही मिळाली तर एअर फोर्स अ‍ॅक्ट १९५० च्या कलम २७ खाली अधिकाऱ्याला तक्रार करता येते (एअरमन, म्हणजे अधिकारी नसलेल्यांसाठी २६). त्यानंतर २००७ च्या कायद्याने आलेलं आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल (सैन्यदलांतल्या सेवेच्या तक्रारींचं न्यायाधिकरण), मुंबईतही बेंच आहे. तिथे भत्त्यांचं चालतं, पोस्टिंग आणि रजेचं रडगाणं नाही. आणि हो, अर्ज नवऱ्यानेच करायचा, तुम्ही नाही.