नऊ महिन्यांच्या बाळाला रात्री १०२ ताप आहे. घरात मोठ्या मुलाचं उरलेलं सिरप आहे, ते किती द्यावं? सासूबाई फ्रीजच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव म्हणतात, ठेवू का?

पट्ट्यांचं नंतर सांगते. आधी ती बाटली हातात घ्या, दिव्याखाली धरा आणि तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. "मोठ्या मुलाचं सिरप" एवढंच तुम्ही लिहिलंय. त्यात औषध कोणतं आणि पाच मिलीत किती, हे लिहिलेलं नाही. माझं कराडला मेडिकल आहे, डी. फार्म. झाल्यापासून काउंटरवर मीच उभी असते. रात्री येणारे आईबाप "लहान मुलाचं तापाचं द्या" एवढंच म्हणतात आणि वजन विचारलं की चिडतात.

पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी साधारण तीन ताकदींत मिळतं. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा १२५. मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलीत २५०. तिन्ही गोड, आणि खोकी अशी की घाईत एकीच्या जागी दुसरी उचलली जावी. डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारदाच. तुमचं बाळ आठ किलोचं धरलं तर एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम. ड्रॉप्स असतील तर एक मिली, १२०चं सिरप असेल तर चार मिली, २५०चं असेल तर फक्त दोन मिली. त्याच २५०च्या बाटलीतलं "एक चमचा" म्हणून पाच मिली पाजलंत तर दुपटीहून जास्त गेलं. असं दर चार तासांनी चाललं तर दिवसात दीड ग्रॅम होतं, आणि एवढ्याशा यकृताला ते झेपत नाही. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमचा भरला तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. घरातला चहाचा चमचा तर वापरूच नका. बाटलीसोबत मिळालेला ड्रॉपर त्याच बाटलीचा असतो. तो हरवला असेल तर मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, काही रुपयांत मिळते.

हे झालं बाटलीत फक्त पॅरासिटामॉल असेल तर. पण तेच आहे कशावरून? या प्रश्नावरून आमच्या घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

२०१०चे गणपती. सासर देवरुखजवळच्या एका वाडीत, सगळे भाऊ बायकामुलांसह जमलेले. माझी मुलगी तेव्हा तुमच्या बाळाएवढीच. दिवसभर किरकिर करत होती, रात्री अंग भाजायला लागलं. काखेत थर्मामीटर लावला तर १०२च्या वर. बाहेर पाऊस कोसळत होता, लाइट गेलेले, तालुक्याला जायचं तर सकाळशिवाय सोय नाही. थोरल्या जाऊबाई डोंबिवलीच्या. त्यांनी लगेच पिशवीतून त्यांच्या मुलाची बाटली काढली. "अगं, हे दे, पंधरा मिनिटांत ताप खाली येतो. आमच्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय."

मी बॅटरीच्या उजेडात लेबल वाचलं. निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल. मी म्हटलं, वहिनी, हे मी हिला देणार नाही.

माजघरात एकदम शांतता झाली. सणाच्या घरात धाकट्या सुनेनं थोरलीच्या हातची वस्तू परत करायची म्हणजे काय, हे सांगायला नको. जाऊबाई म्हणाल्या, त्यांची दोन्ही मुलं याच औषधावर वाढली. थोरले भावोजी म्हणाले ते वाक्य आजही कानात आहे: "लिहून देणारा एमडी आहे. तू बाटल्या विकतेस. दोन्हीत फरक असतो." यांनी मान खाली घातली, एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई उठून माठातलं पाणी घेऊन आल्या, पट्ट्यांसाठी.

निमेसुलाइडबद्दल मला दुकानातूनच माहीत होतं. ताप झपाट्यानं उतरवतं म्हणून तेव्हा ते भरपूर लिहिलं जायचं, आणि दुकानात येणारे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी त्याच वेगाची जाहिरात करायचे. पण यकृताला इजा होते म्हणून फिनलंड आणि स्पेननं ते २००२ सालीच थांबवलं होतं, आयर्लंडनं २००७ साली. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तर त्याला कधी परवानगीच मिळाली नव्हती. हे गुपित नव्हतं. आमच्या धंद्यातल्या वाचणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. मी माझ्या पिशवीतले पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स दिले, लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेल्या वजनाप्रमाणे मोजून. तासाभरानं ताप १०१वर आला, पहाटे पुन्हा चढला. "बघ, उतरला का तुझ्या औषधानं?" हेही ऐकून घेतलं. पॅरासिटामॉल ताप मुळापासून काढत नाही, एकदोन डिग्रीनं खाली आणतं, मुलाला जरा बरं वाटतं, ते दूध घेतं, झोपतं. त्याचं काम तेवढंच. अंगावर पिणारं मूल पीत होतं, सू होत होती, डोळे उघडून माझ्याकडे बघत होतं. मी त्यावर लक्ष ठेवून होते. बाकी घर थर्मामीटरकडे बघत होतं.

सकाळी बाजारातल्या एका डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं, कारण ते "सुई देतात". मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी कान, घसा, छाती तपासली, लघवी तपासायला दिली, सुई दिली नाही. पुढे ताप आपोआप ओसरला आणि पोटापाठीवर गुलाबी पुरळ उठलं. घरात लगेच "गोवर, गोवर" सुरू झालं. तो गोवर नव्हता. या वयात एक विषाणूजन्य ताप येतो, तीनचार दिवस कडकडून चढतो, आणि तो उतरताना पुरळ येतं. मॅडमनी तसं होऊ शकतं हे आधीच सांगून ठेवलं होतं. पुरळही गेलं.

फेब्रुवारी २०११मध्ये केंद्र सरकारनं बारा वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाइडवर बंदी घातली. मी जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तेव्हा बंदी नव्हती ना!" भावोजी तर फोनवर आलेच नाहीत. आजतागायत त्या घरात कुणी म्हटलेलं नाही की त्या रात्री तुझं बरोबर होतं. बंदी यायच्या आधीही मुलांचं यकृत तेच होतं, एवढंच मी त्यांना म्हणू शकले.

"तू डॉक्टर नाहीस" या वाक्यावर माझं उत्तर आहे गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांत गावातल्याच माणसांना आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. मुलांचे मृत्यू घटले. १९९०मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातली कितीतरी माणसं शाळेतही फारशी गेलेली नव्हती. मिनिटाला श्वास किती, छाती आत ओढली जाते का, हे मन लावून पाहणाऱ्या कुणालाही कळतं. तसंच पाच मिलीत किती मिलिग्रॅम हेही कळतं. ते मोजणं तुम्हीही शिका: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगानं चाललेत, आणि मग सकाळची वाट बघायची नाही.

आता पट्ट्या. फ्रीजच्या पाण्याच्या नकोत. गार पाणी लागलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, आतली उष्णता आतच राहते, मूल कुडकुडतं आणि त्या कुडकुडण्यानं अंग आणखी तापतं. कोलन वॉटर तर अजिबात नको, त्यात अल्कोहोल असतं आणि ते कातडीतून आणि श्वासातून आत जातं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या 'नाइस' मार्गदर्शिकेत कोमट पाण्यानं पुसून घेणंही सुचवलेलं नाही. माझं मत जरा मवाळ आहे. कपाळावर साध्या पाण्याची घडी बाळाला आवडत असेल तर सासूबाईंना ठेवू द्या, त्यांचाही जीव तुटत असतो. ते रडत असेल तर काढा. स्वेटर, टोपडं, दुलई मात्र काढाच, पंखा हळू चालू द्या. दूध वरचेवर पाजा, मधे वरणाचं पाणी, पेज, जे घेईल ते. ताप असेपर्यंत गुटी बंद.

तुमचं बाळ नऊ महिन्यांचं आहे म्हणून मी इतकं सांगतेय. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ जरी ताप असला तरी घरी काहीही करायचं नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा, रात्र असो की पाऊस. आणि कोणत्याही वयाचं मूल दूध ओढत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, हलवूनही नीट जागं होत नसेल, सात-आठ तास सू झाली नसेल, टाळू फुगली किंवा खोल गेली असेल, किंवा अंगावरचे लाल-जांभळे ठिपके दाबल्यावरही जात नसतील, तर माझं उत्तर वाचत बसू नका, निघा. दात येताहेत म्हणून १०२ ताप येत नाही. कुणी तसं सांगितलं तरी ऐकू नका.

आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाची आकडी येते आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत थांबते. थांबली तरी त्याच वेळी डॉक्टरांना दाखवायचं, आणि पाच मिनिटं झाली तर थांबायची वाट न बघता गाडी काढायची.

सर्दीचं सिरप घरात असेल तर त्याचंही लेबल वाचा, बऱ्याच सिरपांत पॅरासिटामॉल आधीच असतं आणि दोन बाटल्या मिळून डोस दुप्पट होतो. शिवाय क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असं औषध नियंत्रकांनी २०२३मध्येच सांगितलंय. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असते, म्हणून डॉक्टरांनी बघेपर्यंत तापाची दुसरी औषधं, म्हणजे आयबुप्रोफेन नको, मेफेनॅमिक ॲसिडही नको. ॲस्पिरिन कधीच नको. बाळाला यकृताचा किंवा आणखी काही जुना आजार असेल तर वरचे माझे आकडेही धरू नका, त्याच्या डॉक्टरांना फोन करा.

सकाळी डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. किती वाजता किती ताप होता आणि किती मिली दिलं, हे रात्रीच कागदावर लिहून ठेवा. आणि मधे कुणी म्हणालंच की तू काय डॉक्टर आहेस, तर ती बाटली त्यांच्या हातात द्या आणि पाच मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते मोठ्यानं वाचायला सांगा.