व्हीएफडीचं (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचं) प्रॅक्टिकल ट्रेनिंग घ्यायचं तर त्यात नेमकं काय असायला हवं?

तुम्ही आयटीआय इलेक्ट्रिशियन आहात, कारखान्यात मेंटेनन्सला आहात आणि तीन दिवसांच्या व्हीएफडी कोर्सची फी भरावी का, असं विचारलंय. भरण्याआधी त्यांना एवढंच विचारा: ड्राइव्ह ट्रिप (फॉल्ट येऊन आपोआप बंद) करायला आम्हाला देणार, की नुसते फॉल्ट कोड वाचून दाखवणार? मोटर चालू करून पॉटने (फिरवायच्या नॉबने) स्पीड कमी-जास्त करणं अर्ध्या तासात येतं. पगार मिळतो तो ट्रिप का झाला हे शोधण्याचा.

मुळात असं सरावाचं टेबल घरीही मांडता येतं. 1 एचपीचा सिंगल फेज 230 व्होल्ट इनपुट, थ्री फेज आउटपुट ड्राइव्ह, 1 एचपीची 1440 आरपीएम मोटर, एमसीबी, दोन टॉगल स्विच, 10 किलोओहमचा पॉट. मोटर घेताना टर्मिनल बॉक्स उघडून बघा. सहा टोकं बाहेर काढलेली हवीत. आपल्याकडच्या लहान मोटरी 415 व्होल्टला स्टारमध्ये (वायंडिंग जोडायची एक पद्धत, दुसरी डेल्टा) जोडलेल्या असतात. या ड्राइव्हमधून जास्तीत जास्त 230 व्होल्ट मिळणार, म्हणून पट्ट्या बदलून डेल्टा करायचा आणि पॅरामीटरमध्ये करंटही नेमप्लेटवरचा डेल्टाचाच टाकायचा. स्टारमध्येच ठेवली तर मोटर रिकामी छान फिरते, लोड आला की दम सोडते. कारखान्यात उलटी चूक दिसते: जुना स्टार-डेल्टा स्टार्टर तसाच ठेवून त्याच्या आधी ड्राइव्ह बसवतात. चालू ड्राइव्हच्या आउटपुटवर कॉन्टॅक्टर उघडला-लागला की ओव्हरकरंट आलाच. तो स्टार्टर काढून मोटर कायमची डेल्टात जोडा. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर मोटरवर असेल तर तोही काढा.

झाकण उघडण्याआधी एक सवय लावून घ्या. एमसीबी पाडली म्हणजे ड्राइव्ह मेला असं नाही. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस (आतल्या कपॅसिटरवरचा डीसी सप्लाय) साधारण 587 व्होल्टची असते, 230 वाल्यात 325 ची. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा (लहानात बहुधा 5 मिनिटं, मोठ्यात 10-15), मग पी आणि एन (डीसी बसचे प्लस-मायनस) टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. डिस्प्ले विझला याला पुरावा मानू नका.

आता ट्रिप. मोटरवर जड पुली किंवा फ्लायव्हील लावा, 50 हर्ट्झला पळवा आणि डिसेलरेशन टाइम 0.5 सेकंद करून स्टॉप द्या. ओव्हरव्होल्टेज येईल, कारण थांबताना मोटर जनरेटर होते आणि ती ऊर्जा डीसी बसमध्ये परत येते. वेळ 10 सेकंद करा, ट्रिप जाईल. प्रोसेसला तेवढा वेळ परवडत नसेल तरच ब्रेकिंग रेझिस्टर (तो ही ऊर्जा उष्णतेत जिरवतो). सप्लाय बंद करून आउटपुटची एक फेज काढा आणि पुन्हा चालवा. फेज लॉसचं संरक्षण पॅरामीटरमध्ये चालू असेल तर ट्रिप मिळेल. बंद असेल तर मोटर नुसती गुणगुणत तापेल. 4-20 मिलिअँपचा सिग्नल जोडून वायर सोडवा, ड्राइव्ह थांबतो की मिनिमम स्पीडवर जातो ते बघा. हा सिग्नल चालतच नसेल तर आधी कार्डावरचा व्होल्टेज-करंट स्विच तपासा, बहुतेक वेळा तोच चुकीच्या बाजूला असतो.

सगळ्यात डोकं खाणारा फॉल्ट ओव्हरकरंटचा. दोष ड्राइव्हचा, केबलचा, मोटरचा की मशीनचा, हे वेगळं काढायला शिकवलं नाही तर कोर्स फुकट. ॲक्सेलरेशन टाइम फार कमी किंवा टॉर्क बूस्ट (कमी स्पीडला दिलेलं जादा व्होल्टेज) फार जास्त आहे का ते आधी बघा. मग सप्लाय बंद करून यू-व्ही-डब्ल्यू (मोटरकडे जाणारी आउटपुट टोकं) सोडवा, व्ही/एफ मोड (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरावीक प्रमाणात ठेवणारा) ठेवा, फेज लॉसचं संरक्षण तात्पुरतं बंद करा आणि ड्राइव्ह रिकामा चालवा. व्हेक्टर मोडमध्ये (मोटरचा करंट मोजून चालणाऱ्या) मोटरशिवाय चालवलं तर भलताच फॉल्ट येऊन तुम्ही चकाल. तरीही लगेच ट्रिप होत असेल तर दोष आयजीबीटीचा (आउटपुटचे पॉवर स्विच) किंवा करंट सेन्सरचा. होत नसेल तर केबल आणि मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, पण ड्राइव्हकडची टोकं सुटलेली असतानाच. ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर मारला की चांगला ड्राइव्हही जातो.

पॉवर सेक्शन तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. बस पूर्ण डिस्चार्ज, सगळ्या पॉवर वायरी बाजूला, मीटर डायोडवर. लाल प्रोब एन ला, काळा आळीपाळीने आर-एस-टी (इनपुटची टोकं) आणि यू-व्ही-डब्ल्यू ला: साधारण 0.3 ते 0.6, आणि सगळीकडे जवळपास सारखं. मग काळा पी ला ठेवून लाल फिरवा, तसंच यायला हवं. (काही ड्राइव्हमध्ये प्रीचार्ज रिले मध्ये असल्याने इनपुटचं रीडिंग वेगळं येतं.) कुठेही शून्य आलं तर सप्लाय देऊ नका. सगळं ठीक आलं तरी गेट ड्रायव्हर (आयजीबीटी चालू-बंद करणारं सर्किट) चांगला असल्याची खात्री यातून मिळत नाही. दुरुस्त केलेल्या सिंगल फेज ड्राइव्हला पहिला सप्लाय 100 वॉटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमधून द्या: बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर बरं, लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे.

मेंटेनन्समध्ये फार गूढ नाही, धूळ आणि ओल हेच शत्रू. इचलकरंजीकडे यंत्रमागाचा कापूस आणि साखर कारखान्यात बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा हीटसिंकच्या फटीत बसतो आणि ओव्हरहीट येतो. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं धरून ठेवा. पंखा साधारण 3 ते 5 वर्षांत बदलायचा; आवाज करायला लागला की त्याआधीच. टर्मिनल सहा महिन्यांनी सप्लाय बंद करून आवळा. गळीत हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या पॅनलमध्ये स्पेस हीटर चालू ठेवा, नाहीतर पावसाळ्याची ओल कार्डावर बसते. वर्षाहून जास्त पडून असलेल्या स्पेअर ड्राइव्हला थेट पूर्ण व्होल्टेज देऊ नका. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू वाढवून कपॅसिटर फॉर्म करून घ्या.

आणि पॅरामीटर कॉपी करायला कोर्समध्ये लावतात का ते बघा. कीपॅडवर कॉपी होत असेल तर तशी, नाहीतर फॅक्टरी सेटिंगपासून बदललेले तेवढे आकडे तारखेसकट कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. रात्री दोनला ड्राइव्ह बदलताना स्पेअर हातात असतो, पण ॲक्सेलरेशन 8 सेकंद होतं की 18, हे सांगणारा घरी झोपलेला असतो.